पंचवीस फूट आणि चारीपलीकडचं रान

पूनम शेजारच्या घरात सून म्हणून आली तेव्हा मला ती आधी ऐकू आली आणि मग दिसली. कासुर्डीत आमची दोन घरं एकाच बांधाला टेकून उभी आहेत. मध्ये शेवग्याचं झाड आणि कपडे वाळत घालायची सामाईक तार. लग्नाला चार-पाच दिवस झाले असतील. मी दाराशी भांडी विसळत होते, तर पलीकडून पावलं वाजली. लांब लांब, एका लयीत, कुणी पुढच्या मुक्कामाला निघाल्यासारखी. मान वर केली तर हिरव्या चुड्यातली नवी नवरी दोन हंडे घेऊन अंगण ओलांडत होती, आणि तिची सासू कुशाबाई ओट्यावरून म्हणत होती, "अगं, सून हाईस का पोष्टमन? मागं कोण लागलंय का तुझ्या?"

पूनमचं माहेर शिरूरकडच्या माळावरचं. तिच्या वडिलांकडे मेंढरं होती आणि सोळाव्या वर्षापर्यंत ही पोर मेंढरांमागं चालली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर, कोंबड्या बिऱ्हाडावर आणि माणसं पायी. सासरही त्याच जातीचं, पण तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे तात्याबांच्या वडिलांनीच मेंढरं विकून कालव्याखाली जमीन धरली होती. आता त्यांचा ऊस पाटसच्या कारखान्याला जातो. या घरात चालणं हे काम राहिलं नव्हतं. चालणं म्हणजे शेतापर्यंत जाणं आणि परत येणं.

कुशाबाईंनी सुनेला रीत शिकवली. थोरली माणसं समोर असताना ढांगा टाकायच्या नाहीत. पदर डोक्यावर, नजर पायाशी, पाऊल बेतानं. तात्याबा तसे मऊ माणूस. कधी कुणाला टाकून बोलल्याचं मी ऐकलं नाही. फक्त वस्तीत शिरताना फाटकापाशी एकदा खाकरायचे. बायामाणसं आपल्या नादात असतील, त्यांना आवरून घ्यायला वेळ मिळावा, एवढाच त्यातला हेतू. मीही याच गावची सून. ते खाकरले की माझा हातसुद्धा आपोआप डोक्याकडे जातो आणि गाऊनवर असले तर मी तारेवरचा ओला टॉवेल खांद्यावर ओढते. आता पन्नाशी आली तरी.

दोन वर्षांत पूनमची चाल बदलली. पावलं ऐकू येईनाशी झाली. वर्षातून आठ दिवस मात्र ती जुनी चाल परत यायची. मार्गशीर्षात चारीपलीकडच्या, म्हणजे कालव्याच्या पाटापलीकडच्या, साहेबरावांच्या रानातला ऊस तुटला की तिचा धाकटा भाऊ बिरदेव तिथे मेंढरं बसवायला यायचा. रानाला लेंडीखत मिळतं, मेंढरांना पाचटातला हिरवा पाला मिळतो. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडतात, त्या जाळीला वाघर म्हणतात. पूनम दुपारी भाकरीचं गाठोडं घेऊन निघायची. मी गच्चीवर पापड घालताना बघायचे. चारीवरच्या मोरीपर्यंत, त्या छोट्या पुलापर्यंत, ती सून असायची. मोरी ओलांडली की पदर खांद्यावर यायचा, साडी हातभर वर खोचली जायची आणि पाऊल लांब पडायला लागायचं. चारशे पावलांचं अंतर ती एखाद्या गाण्यासारखं संपवायची.

सहा वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याला पंधरा दिवस धूसर दिसलं आणि आपोआप बरं झालं. मग एके दिवशी कुशाबाईंनी विचारलं, "डाव्या पायातली चप्पल कुठं टाकली?" पूनमनं खाली पाहिलं. चप्पल मागे अंगणात पडली होती आणि ती अनवाणी पायानं स्वयंपाकघरापर्यंत आली होती. तिला कळलंच नव्हतं. पुढे चारीपाशी पडली, मग न्हाणीत पडली. तेल झालं, शेक झाला, अंगारा झाला. दोन वर्षं अशी गेल्यावर पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढला आणि आजाराला नाव मिळालं. एमएस, मज्जातंतूंवरचं आवरण झिजत जाण्याचा आजार.

तिचा नवरा रविराज शिक्रापूरला कारखान्यात फिटर आहे. तिथे खोली घेऊन राहतो, गुरुवारच्या सुट्टीला घरी येतो. डॉक्टरांचं बोलणं त्यानं आईला त्याच्या भाषेत सांगितलं. "आई, आपल्या मोटरीची वायर उंदरानं कुरतडली की करंट मधीच गळतो का न्हाई? तसं झालंय. डोक्यातनं हुकूम निघतो, पायापर्यंत पोचतच न्हाई."

"मग टेप गुंडाळ की," कुशाबाई म्हणाल्या.

तशी टेप नसते. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन असतं, त्यानं नवीन कुरतडणं थांबतं. जे कुरतडलं ते तसंच राहतं. पूनम भिंत धरून चालायला लागली. त्यांच्या घरात स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत, हाताच्या उंचीला, चुन्यावर एक तेलकट पट्टा उमटला आहे. मार्गशीर्षात बिरदेव यायचा, गाडीवर मागे बसवून तिला वाघरीपर्यंत न्यायचा. पहिल्या वर्षी ती गेली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, नको. मी कारण विचारलं तर म्हणाली, "काकी, गाडीवरनं पाव्हणी जाती. मी पाव्हणी न्हाई तिथली."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी चालण्याच्या गोळीचं सांगितलं. आजार बरा करणारी गोळी नव्हे. उरलेल्या वायरीतून करंट जरा नीट पोचावा, एवढ्यापुरती. बारा तासांच्या अंतरानं दोन, चुकली तर चुकली, पण दोन एकदम कधी घ्यायच्या नाहीत, झटके येतात. आणि ती सगळ्यांना लागू पडत नाही. तिघांतल्या एखाद्याला पडते. पडली की नाही हे ठरवायला आधी चाल मोजायची, मग गोळी सुरू करायची, मग पुन्हा मोजायची. फरक दिसला तर चालू, नाही तर बंद.

त्या दिवशी रविराज बरोबर होता आणि सोबत म्हणून मी. सुषमा नावाच्या फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं आम्हाला एका लांब व्हरांड्यात नेलं. जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या दोन रेघा होत्या. मधलं अंतर पंचवीस फूट.

"या रेघेवरून त्या रेघेपर्यंत," सुषमा म्हणाली. "जमेल तेवढं भरभर, पण सांभाळून. मी बरोबर आहेच."

"एवढंच?" पूनमनं विचारलं. तिच्या आवाजात थोडा अपमान होता. जिच्या आयुष्यात दिवसाला दहा कोस ही साधी गोष्ट होती, तिला पंचवीस फूट मोजून दिले होते.

काठी घेऊन ती दोनदा चालली. सुषमानं दोन्ही वेळा घड्याळ दाबलं. सरासरी तेरा सेकंद आठ. मग बारा प्रश्नांचा कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत चालताना किती अडचण आली, जिना चढताना किती, घरात आधार किती घ्यावा लागला.

"आधार? तसं काय न्हाई," पूनम म्हणाली.

मी म्हटलं, "पूनम, भिंतीवरचा पट्टा कुणाचा आहे मग? कुशाबाईंचा?"

ती लाजून हसली, रविराजही हसला, आणि कागद खरा भरला गेला.

घरी येताना गाडीत ती बोटांवर काही मोजत होती. मला वाटलं, औषधाच्या वेळा मोजते आहे. म्हणाली, "काकी, चार आठवडे गोळ्या. मग मार्गशीर्ष. बिरदेवाचा फोन आलता, अवसेनंतर येतोय म्हणला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "एकदा मोरी ओलांडायचीय. माझी मी."

गोळी सुरू झाली आणि दहाव्या-बाराव्या दिवशी मला तारेवर फरक दिसला. पूर्वी ती एक कपडा टाकून तार धरून थांबायची. आता तीन-तीन टाकून पुढे सरकायची. तिचं तिलाही वाटत होतं, पण बोलत नव्हती. "पाय हलकं वाटत्यात" एवढं एकदा म्हणाली आणि लगेच लाकडाच्या चौकटीला हात लावला.

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी रविराजला सुट्टी मिळाली नाही. तात्याबा म्हणाले, "दोघी बायका कशा जाणार? मी येतो." गावातली गाडी ठरवली, स्वतः धुवट फेटा बांधला. व्हरांड्यात सुषमानं त्यांना आदरानं खुर्ची दिली. जागा मोकळी होती ती शेवटाला, दुसऱ्या रेघेच्या पलीकडे. मी बाजूला उभी होते. सुषमा म्हणाली, "जमेल तेवढं भरभर, पण सांभाळून."

पूनम निघाली आणि तात्याबा सवयीनं खाकरले.

मी तिथेच होते. माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि मला काही वेगळं दिसलं नाही. सून चालली, सासरे बसले होते, तिनं पदर सारखा केला. रोजचंच. चौदा सेकंद नऊ. दुसऱ्यांदाही तेवढंच. बारा प्रश्नांना तिनं "बरं हाय", "काय त्रास न्हाई" अशी उत्तरं दिली, कारण सासरे हातभर अंतरावर होते. आणि मी या वेळी भिंतीच्या पट्ट्याचं बोलले नाही. त्यांच्यासमोर मलाही ते बरं दिसलं नसतं.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. कागदावर तक्रार काही नाही आणि घड्याळात चाल आधीपेक्षा मंद. ते मऊपणानं म्हणाले, "या गोळीचा तुम्हाला उपयोग होत नाहीये. उद्यापासून बंद करू. उगाच पोटात कशाला घालायची?"

तात्याबांनी हात जोडले. परतीच्या वाटेवर शहर मागे पडलं. मग तेच म्हणाले, "न्हाई लागू पडलं. काय करणार."

पूनम खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या उसाला तुरे आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारेपाशी होते. तिनं सवयीनं सकाळची गोळी घेऊन टाकली होती, हे नंतर कळलं. धुण्याच्या दगडापासून तारेपर्यंत ती काठीशिवाय आली, खांद्यावर ओल्या चादरीचं ओझं. चांगली आली. मी मनात म्हटलं, हिला काल काय झालं होतं? तेवढ्यात फाटकापाशी तात्याबा खाकरले. पूनमचा पदर डोक्यावर गेला, पाऊल आखडलं, आणि उरलेली चार हात जमीन तिनं देवळात शिरल्यासारखी संपवली. माझ्या हातातला टॉवेल खांद्यावर आला होता. मी त्या टॉवेलकडे बघत राहिले.

ते आत गेल्यावर मी म्हटलं, "पूनम, काल तू हळू चाललीस."

"पाय न्हाई उचलला."

"पाय उचलला होता. तू ठेवलास हळू. मामा समोर होते म्हणून." सासऱ्यांना ती मामा म्हणते.

ती चिमटे लावायची थांबली.  मग म्हणाली, "मला कळलंबी न्हाई."

"मलाही नाही."

"पन सांगायचं कसं? सोताची कामं टाकून आलते माझ्यासाठी. त्यांना म्हनू, तुमच्यामुळं औषध बंद झालं?" आणि मग खाली बघत, "आन् काकी, परत मोजलं आन् तरीबी न्हाईच निघालं तर? आत्ता निदान असं तरी म्हनता येतं की मोजायला चुकलं."

शेवग्याच्या पलीकडे कुशाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे कान फार तिखट. आम्ही बघेपर्यंत त्या उठून घरात गेल्या होत्या आणि आतून आवाज येत होता.

"तिला तुम्ही आडवं आलाय."

"मी? मी कवा म्हटलं हळू चाल म्हणून?"

"म्हनायला कशाला लागतंय? खाकरताय की. मीच शिकीवलं तिला, तुमी खाकरला की दमानं. आता तिकडं डाक्टर म्हनतोय पळ, आन् तुमी खाकरताय. पोरीनं ऐकायचं कुणाचं?"

मग कुशाबाई बाहेर आल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून तात्याबा फाटकानं यायचे थांबले. गोठ्यामागून वळसा घालून, कोंबड्या उडवत, परसदारानं घरात शिरायला लागले. कुशाबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "बगा. चोरासारखं येत्यात आपल्याच घरात."

मी सुषमाला फोन केला. झालं ते सगळं सांगितलं, माझी चूकही.  ती म्हणाली, "काकू, खुर्ची मीच दिली होती त्यांना." डॉक्टरांना विचारून तिनं दुपारी उलट फोन केला. पुन्हा करता येईल, पण नीट करायचं. दोन आठवडे गोळी पूर्ण बंद. मग मोजायचं. मग दोन आठवडे गोळी, आणि पुन्हा मोजायचं. मध्ये एकही घ्यायची नाही, नाहीतर कशाचा फरक कशामुळे हे कळणार नाही.

मी दिवस मोजले. बंदच्या दोन आठवड्यांतच बिरदेव येणार होता.

पूनमनंही मोजले होते. पाकिटात आठ गोळ्या शिल्लक होत्या. चार दिवस. चार दिवसांत मोरी सहज ओलांडता आली असती. मग कदाचित मोजणी बिघडली असती, गोळी कायमची बंद झाली असती, आणि ती मोरी शेवटचीच ठरली असती.

अमावस्येनंतर चौथ्या दिवशी सकाळी चारीपलीकडून घंटा ऐकू आल्या. मग कुत्री. मग ती हाक, जी मेंढपाळ जीभ टाळ्याला लावून काढतात आणि इतर कुणाला जमत नाही. पूनम भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला.

कुशाबाईच म्हणाल्या, "घे की गं दोन दिस. भावाची वाघर बघून ये. डाक्टर काय इथं बघाया येतोय?"

पूनमनं उरलेल्या भाकरी थापल्या. दुपारी भिंत धरत, मग झाड धरत ती माझ्याकडे आली. कनवटीतून पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं.

"काकी, तुमच्याकडं ठेवा. घरात असलं तर माझा हात जाईल."

मी ते शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. त्या आठ दिवसांत मी मशीनवर बसले नाही.

बिरदेव रोज यायचा. तिशीचा, उन्हानं रापलेला, बोलताना एका पायावर जोर देऊन काठीला टेकणारा. येताना तांब्यात मेंढीचं दूध आणायचा. आक्का, गाडी आणू का, म्हणायचा. ती नको म्हणायची. एकदा म्हणाला, "पाठीवर घेतो. लंगडं कोकरू न्हेतो तसं."

"कोकरू हाय का मी? ताकद तरी हाय का तुझ्यात?"

"न्हाई," तो म्हणाला. "सासरी लई खाल्लंस तू."

दोघं हसली. मग ती विचारायला लागायची. गव्हाळी मेंढी व्याली का? घोडं कुठलं घेतलं? जुन्या घोड्याला काय झालं? चूल कुठल्या अंगाला मांडलीय? तो सांगायचा आणि ती डोळे बारीक करून ऐकायची, जणू त्याच्या बोलण्यातून रान बघत होती. मी एकदा म्हटलं, मी गच्चीवरून फोटो काढून दाखवते. "नको," म्हणाली. "फोटूत वास येत न्हाई."

संध्याकाळी मेंढरं परतायची वेळ झाली की ती ओट्यावर बसायची. मधे उभा ऊस, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. नुसती धूळ वर यायची आणि त्यात सूर्य तांबडा व्हायचा.

नवव्या दिवशी सकाळी वाघर उठली. पूनम शेवग्याला धरून उभी राहिली. चारीच्या कडेनं, उसाच्या दोन फडांमधल्या फटीतून कळप पुढे जाताना क्षणभर दिसला. आधी मेंढरं, मग घोडा, घोड्यावर गाठोडी आणि टोपलीत कोंबड्या, मागे बिरदेव आणि त्याची बायको. बिरदेवनं इकडे बघून काठी उंच केली. ती फट म्हणजे पंचवीस फूटच असेल. कळपाला ती ओलांडायला बराच वेळ लागला, आणि तरी मला वाटलं, लगेच संपलं.

घंटा ऐकू येईनाशा झाल्या तरी ती उभी होती. मग म्हणाली, "घोडं तांबूस घेतलंय. बिरदेव करडं म्हनला होता." आणि भिंत धरत आत गेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो. या वेळी रविराजनं सुट्टी काढली होती आणि तात्याबाही आले. गाडीतून उतरल्यावर ते म्हणाले, "मी हितंच चा घेतो. तुमी व्हा वर." तात्याबा बाहेरचा चहा घेत नाहीत, हे अख्ख्या कासुर्डीला माहीत आहे.

गोळीशिवाय चौदा सेकंद दोन. बारा प्रश्नांना पूनमनं खरी उत्तरं दिली. एकदा तर सुषमालाच म्हणाली, "लिहा, भिंतीला पट्टा पडलाय."

त्या दुपारी मी मशीनचा खण उघडला.

दोन आठवड्यांनी पुन्हा तोच व्हरांडा. सुषमानं शेवटची खुर्ची उचलून खोलीत ठेवली होती. निळ्या रेघेवर उभं राहून पूनमनं साडी हातभर वर खोचली. पदर खांद्यावरच होता. "जमेल तेवढं भरभर," सुषमा म्हणाली, आणि पूनम निघाली. डावा पाय अजून घासटत होता. काठी होतीच. पण पाऊल लांब पडत होतं, आणि मला पाठ वळवून उभं राहावंसं वाटलं, नुसतं ऐकण्यासाठी.

अकरा सेकंद तीन. दुसऱ्यांदा अकरा सेकंद चार.

डॉक्टरांनी हिशोब करून सांगितलं की पाचव्या हिश्श्याचा फरक आहे आणि हा खरा फरक मानतात. गोळी चालू ठेवायची, दर काही महिन्यांनी मोजायचं. मग त्यांनी हेही सांगितलं की यापेक्षा फार जास्त होईल असं समजू नका. पूनमनं मान हलवली. पाचवा हिस्सा. तिला सगळी वाट हवी होती.

खाली गाडीपाशी तात्याबा उभे होते. आमच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "किती?"

"अकरा आन् वर तीन," पूनम म्हणाली.

"आन् माझ्याम्होरं?"

मी पूनमकडे पाहिलं. मग तिनंच सांगितलं, "चौदा आन् वर नऊ."

त्यांनी ते मनात कुठेतरी ठेवलं आणि गाडीचं दार उघडून धरलं. सुनेसाठी. असं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सकाळचे दहा वाजले असतील, पूनम काठी घेऊन फाटकातून बाहेर पडली. कुठं निघालीस, असं कुशाबाईंनी विचारलं नाही. गच्चीवर मी तीळ वाळत घातले होते. बघत राहिले. मोरीपर्यंत ती एकदा थांबली. मोरीच्या कठड्यावर बसली, कितीतरी वेळ. मला वाटलं, आता परत फिरेल. तात्याबा गोठ्यात वैरण टाकत होते, तेही हात थांबवून बघत होते, पण पाठमोरे होऊन, मान तेवढी वळवून.

ती उठली आणि मोरी ओलांडली. पदर खांद्यावर आला. पुढे आणखी दोनदा थांबली. मला तिच्या साडीचा हिरवा ठिपका साहेबरावांच्या मोकळ्या रानात मधोमध पोचलेला दिसला आणि मग खाली बसलेला. काही झालं की काय, म्हणून मी चप्पल अडकवून निघाले.

जवळ गेले तर ती चुलीच्या तीन दगडांपाशी बसली होती. दगड अजून काळे होते. आजूबाजूला लेंड्या वाळून पसरल्या होत्या आणि वाघरीच्या खुंट्यांची भोकं चौकोनात दिसत होती. बाभळीच्या काट्याला लोकरीचा एक पुंजका अडकला होता, तो तिनं काढून मुठीत धरला होता. दुसऱ्या हातात फोन.

"कुठं पोचला रं?" ती विचारत होती.

पलीकडून वारा, कुत्री आणि बिरदेवचा आवाज. त्यानं कुठल्याशा घाटाच्या पायथ्याचं नाव सांगितलं.

"मी वाघरीत हाय," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"तुझ्याच."

"आक्का, तिथं आता काय हाय? म्हैना झाला उठून."

"हाय की," पूनम म्हणाली. "चूल हाय. तू खोटं बोलला, वाऱ्याच्या अंगाला मांडली हुतीस." तिनं एका दगडावरची राख बोटानं पुसली. "मोरी ओलांडली मी. माझी मी."

तो काही म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मग फोनमधून घंटा ऐकू यायला लागल्या. त्यानं फोन मेंढरांकडे धरला असावा. पूनमनं फोन कानाला घट्ट दाबला, लोकर नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मी जरा लांब, बांधावर बसले. परतीची चारशे पावलं बाकी होती, पण तिला घाई नव्हती.